सहा महिन्यांत दुसऱ्यांदा गेलेलं बेअरिंग आणि डाव्या चाकाचे उलटे आटे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांनी जर्मनीत असताना घेतलेली आणि परत येताना बरोबर आणलेली १९६८ ची फोक्सवॅगन बीटल १३००. स्टिअरिंग डावीकडे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पन्नासच्या पुढे गेलं की पुढच्या डाव्या चाकाकडून घुमल्यासारखा आवाज येतो आणि उजवीकडे वळताना तो वाढतो. सहा महिन्यांपूर्वी मिस्त्रीने त्या चाकाचं बेअरिंग बदललं होतं. आवाज परत सुरू झालाय, आणि त्या कामानंतर स्पीडोमीटरचा काटाही हलत नाही. मिस्त्री म्हणतो, "नट जरा आवळतो, जाईल आवाज." आवळू द्यायचा का?

नका देऊ. आवळलेला नट हेच बहुधा तुमच्या दुखण्याचं मूळ आहे. तोच उपाय पुन्हा केलात तर या वेळी बेअरिंगबरोबर स्पिंडलही (चाक ज्याच्यावर फिरतं तो दांडा) जाईल. "बदलूनही आवाज येतोय" म्हणून माझ्याकडे ज्या गाड्या येतात, त्यांत माल खराब असतो असं क्वचित दिसतं. बहुतेक वेळा बसवणाऱ्याचा हात जड असतो. बेअरिंग काढणं-ठोकणं हे कोणीही शिकतो. खरं काम शेवटच्या पाच मिनिटांचं आहे, नट किती ढिला ठेवायचा ते ठरवण्याचं.

मी बीटल शिकलो ती पुण्यात नाही, कुवेतमध्ये. आमचा उस्ताद केरळचा. गाडी गॅरेजबाहेर काढण्याआधी तो स्वतः येऊन पुढच्या चाकाच्या नटामागचा वॉशर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ढकलून बघायचा. वॉशर सरकला तर मान हलवायचा, नाही सरकला तर काही न बोलता पाना माझ्या हातात द्यायचा. त्या उन्हात आवळलेलं बेअरिंग महिनाभरही टिकत नाही, त्यामुळे ही शिस्त तिथे आपोआप लागली. पुण्याच्या हवेत तेच बेअरिंग सहा महिने तग धरतं, एवढाच फरक.

आत काय आहे ते आधी समजून घ्या. तुमच्या गाडीत टेपर रोलर बेअरिंग आहेत. हेन्री टिमकेन या अमेरिकेतल्या बग्गी बनवणाऱ्या माणसाने १८९८ मध्ये पेटंट घेतलेली ही कल्पना. गोळ्यांच्या जागी एका टोकाला निमुळते होत गेलेले रोलर. ते ज्याच्यावर बसतात तो आतला भाग म्हणजे कोन, आणि ज्याच्या आत फिरतात ती बाहेरची रिंग म्हणजे कप. कप ड्रमच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, घट्ट ठोकलेला असतो, कोन स्पिंडलवर हाताने सरकतो. प्रत्येक चाकात अशी दोन बेअरिंग असतात, आतलं मोठं आणि बाहेरचं लहान, निमुळती टोकं एकमेकांकडे केलेली. बाहेरून नट फिरवला की बाहेरचा कोन आत सरकतो आणि दोन्ही बेअरिंग एकदम दाबली जातात. म्हणजे मधली फट ठरवणारा एकच माणूस, तो नट. त्याला आवळत राहिलात तर रोलर आणि कप यांच्यामधला ग्रीसचा पापुद्रा पिळून बाहेर जातो आणि लोखंडावर लोखंड घासायला लागतं. आवाज मात्र तात्पुरता बंद होतो, कारण खिळखिळ करायला जागाच उरत नाही. म्हणून मिस्त्रीला वाटतं उपाय लागू पडला.

जुलै १९६५ पर्यंतच्या बीटलमध्ये पुढे बॉल बेअरिंग होती. ऑगस्ट १९६५ पासून बॉल जॉइंटचा (गोळीच्या सांध्यांचा) नवा पुढचा अ‍ॅक्सल आला आणि त्याच्याबरोबर टेपर रोलर आले. तुमची गाडी त्यानंतरची. त्याआधीच्या गाडीचं कोणी काही सांगितलं तर ते या गाडीला लावू नका.

आता दुखणं खरंच बेअरिंगचं आहे का, ते बघू. टायरचाही असाच आवाज येतो, पण तो रस्त्याप्रमाणे बदलतो. खरबरीत डांबरावरून गुळगुळीत काँक्रीटवर आलात की टायर सूर बदलतो. बेअरिंगला रस्त्याचं सोयरसुतक नसतं, त्याचा आवाज वेग आणि वजनाबरोबर बदलतो. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, तेव्हा आवाज वाढतोय म्हणजे संशय डाव्यावरच. इथवर तुमचं निदान बरोबर आहे.

मग पुढचं चाक उचला. बीटलच्या बाजूला जॅक लावायची जी जागा असते तिच्यावर अजिबात भरवसा ठेवू नका. पन्नास पावसाळे पाहिलेल्या गाडीत ती आतून गंजून पापड झालेली असते. जॅकने उचलून पुढच्या अ‍ॅक्सलच्या आडव्या नळ्यांखाली स्टँड लावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. विटा नकोत. वीट फुटताना आधी सांगत नाही.

चाक वर आणि खाली, घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून आतबाहेर हलवा. किंचित 'टिक' जाणवला तर तो असायलाच हवा. चांगला 'खट्-खट्' येत असेल तर कोणाला तरी आत बसवून ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर प्ले, म्हणजे मोकळीक, बेअरिंगचा. तरीही येत राहिली तर बॉल जॉइंट बघायला हवेत, बेअरिंगवर पैसे घालू नका. माझा अंदाज असा की तुमच्या चाकात यातलं काहीच जाणवणार नाही. ते अगदी घट्ट, सज्जन वाटेल, आणि हाताने फिरवलं की जात्यासारखी घरघर करेल. प्ले शून्य आणि तरी घरघर ही आवळलेल्या नटाची खूण. ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) घासल्याचा आवाज वेगळा असतो. तो फेऱ्यात एकाच जागी 'सुर्र' करतो. फिरवण्याआधी ब्रेकचे तारे (शूचं ड्रमपासूनचं अंतर कमी-जास्त करणारी दातेरी चाकं) ढिले करून घ्या म्हणजे गफलत होणार नाही.

काढायची सुरुवात टोपीपासून. हबच्या मध्यावर जी पत्र्याची ग्रीसची टोपी असते, तिच्या बरोबर मधोमध डाव्या चाकात एक चौकोनी भोक आहे आणि त्यातून केबलचं चौकोनी टोक बाहेर डोकावतं. ही स्पीडोमीटरची केबल. बहुतेक जुन्या गाड्यांचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो. तुमच्या बीटलचा चालतो पुढच्या डाव्या चाकावरून: केबल पोकळ स्पिंडलमधून येते, टोपीच्या चौकोनात अडकते, चाकाबरोबर टोपी फिरते आणि टोपी केबलला फिरवते. इतकं साधं. टोकाला एक बारीक पिन किंवा क्लिप असते, ती आधी काढायची. तुमच्या मिस्त्रीने ती न बघता टोपी उपटली असणार, किंवा बसवताना पिन लावलीच नसेल. काटा मेला त्याचं कारण बहुतेक इतकंच आहे. टोपी काढताना कडेला चारी बाजूंनी हळूहळू टिचक्या मारा. मध्यावर पेचकस खुपसू नका.

टोपीखाली नट दिसेल. त्याला एका बाजूने चीर असते आणि त्या चिरेला आवळणारा एक अ‍ॅलन बोल्ट. चीर दाबली गेली की नट आट्यांना चावून बसतो. आधी त्या बोल्टच्या षट्कोनी खड्ड्यातलं वाळलेलं ग्रीस टोचणीने उकरून काढा, नाहीतर अ‍ॅलन की अर्धवट बसते आणि खड्डा गोल होतो. बोल्ट ढिला झाला की नट जवळजवळ बोटांनी फिरायला हवा.

फिरवायचा कुठल्या बाजूला? डाव्या चाकाला उलटे आटे आहेत. म्हणजे नट उघडायला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा आणि बसवायला उलट. उजव्या चाकाला नेहमीसारखे सरळ आटे. कारण साधं आहे. गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहून बघितलं तर पुढे जाणारं चाक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. बेअरिंगमध्ये ओढ आली तर ती नटाला त्याच दिशेने नेऊ पाहते, आणि सरळ आटे असते तर नट सुटत गेला असता. म्हणून डावीकडे उलटे.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कुवेतमधल्या पहिल्या उन्हाळ्यात मी एका बीटलच्या डाव्या नटावर पाना लावला, पान्याला हातभर पाइप लावला आणि अंगाचा सगळा भार टाकला. नट हलतोय बघून खूशही झालो. मी त्याला उघडत नव्हतो, आवळत होतो. आधी कुरकुर, मग एक 'टक्' आणि नट एकदम हलका. आटे सोलून निघाले होते आणि बाहेरच्या बेअरिंगच्या केजचा (रोलर जागी धरणाऱ्या जाळीचा) चुरा झाला होता. उस्तादाने अख्खा नकल (स्पिंडल ज्याचा भाग आहे तो वळणारा सांधा) बदलायला लावला आणि पैसे पगारातून कापले. तेव्हापासून डाव्या चाकाचं काम असलं की मी मडगार्डवर खडूने बाण काढतो, इतक्या वर्षांनंतरही. पोरं हसतात.

तुमच्या गाडीत हेच घडलं असण्याची शक्यता आहे: मिस्त्रीने उघडायच्या नादात पहिल्यांदा भरपूर आवळलं, नवं बेअरिंग बसवल्यावर 'ढिला करतोय' असं समजून पुन्हा आवळलं.

नट निघाल्यावर त्यामागे वॉशर असतो. त्याच्या आतल्या कडेला एक दात असतो, तो स्पिंडलच्या खाचेत बसतो, म्हणजे वॉशर फिरत नाही. मग ड्रम ओढा, पण अंगठा हबच्या मध्यावर ठेवून. नाहीतर बाहेरचं बेअरिंग टुणकन उडी मारून खालच्या मातीत पडतं. ड्रम अडला तर ब्रेकचे तारे आणखी ढिले करा. ड्रमच्या कडेवर हातोडा नको. आतली काळी पूड फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं फेकून द्या.

मागच्या बाजूचं सील (ग्रीस आत धरून ठेवणारी कडी) उचकटून काढा म्हणजे आतलं बेअरिंग मोकळं होईल. सील परत वापरायचं नसतं, ते कितीही चांगलं दिसो.

आता घाईने नवं बेअरिंग उघडू नका. जुनं धुऊन वाचायला बसा. रॉकेल हल्ली मिळत नाही, डिझेल चालतं. ब्रशने ग्रीस काढा, कोरड्या कापडाने पुसा. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरागरा फिरवण्याची मजा पोरांना फार आवडते. ती करू देऊ नका, केज फुटून रोलर डोळ्यात जातो. मग कोन आणि कप खिडकीपाशी उजेडात धरा आणि नखाने चाचपा.

निळसर-तपकिरी झाक दिसली तर ते तापलं होतं, म्हणजे नट आवळलेला किंवा ग्रीस संपलेलं. तुमच्याकडे हेच दिसेल असं मला वाटतं. कपच्या पृष्ठभागावरून खपली निघाल्यासारखे खड्डे असतील तर धातू थकला आहे. बारीक ओरखडे आणि राखाडी निस्तेज पट्टा असेल तर आत माती गेली, सील गेलं होतं किंवा बसवताना हात मळके होते. चौथी खूण जुन्या गाड्यांची खास. कपवर बरोबर रोलरच्या अंतराने उभ्या रेघा, कधी गंजाच्या तर कधी नुसत्या दाबाच्या. गाडी पावसाळाभर एकाच जागी उभी राहिली की रोलरच्या कडेला ओल धरते आणि तिथे धातू खातो. अशी गाडी हजार किलोमीटरही चाललेली नसते आणि बेअरिंग गेलेलं असतं. हौशी लोकांच्या गाड्यांत मी हे सगळ्यात जास्त पाहतो. जूनमध्ये आच्छादन घालून ठेवतात, दसऱ्याला हार घालून बाहेर काढतात आणि मग विचारतात, न चालवता कसं गेलं. महिन्यातून एकदा चार-पाच किलोमीटर फिरवून आणा.

कप काढताना आतल्या बाजूने पितळी पंच लावून आळीपाळीने समोरासमोर ठोका. एकाच बाजूला ठोकलात तर कप तिरका होऊन हबला ओरखडतो. एखादा कप हलक्या टिचकीनेच निघून आला तर तिथे थांबा. तो आधीपासून हबमध्ये फिरत होता. अशा हबमध्ये पंचाने टिपके मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून कप 'टाइट' करतात. रिपेअरिंग म्हणून हे खपवलं जातं, पण कप त्या टिपक्यांवर टेकतो, सगळीकडून नाही, आणि वाकडा राहतो. सरळ दुसरा ड्रम शोधा. स्पिंडलही बघा. कोन त्यावर हाताने सरकला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. निळं पडलेलं किंवा खाच पडलेलं स्पिंडल ठेवू नका.

बेअरिंग घेताना गाडीचं नाव आणि साल सांगून मागू नका. बीटलचे ड्रम वर्षांनुवर्षं बदलत गेले आणि तुमच्या गाडीला पन्नास वर्षांत कोणी कुठला ड्रम लावलाय, देव जाणे. जुन्या कोन आणि कपवर कोरलेले नंबर वाचून घ्या, चारही, आणि व्हर्नियरने मापं घेऊन ठेवा. टेपर बेअरिंग हा जगभर ठरलेल्या मापांचा माल आहे. नंबर बरोबर असला की बेअरिंगच्या दुकानदाराला ते बीटलचं आहे की ट्रॅक्टरचं याच्याशी देणंघेणं नसतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात नाना पेठ, दोन्हीकडे मिळेल. कोन आणि कप एकाच कंपनीचे, एकाच डब्यातले घ्या. जुन्या कपमध्ये नवा कोन टाकून देणारे आहेत, कारण कप ठोकून काढायचा कंटाळा. सहा महिन्यांपूर्वी तुमच्याकडे हेही झालं असेल. जुने कप बघितल्यावर लगेच कळेल: कोन कोरा आणि कप पन्नास वर्षांचा.

बनावट माल ही खरी डोकेदुखी आहे. डबा हुबेहूब असतो. किमतीत मोठा फरक दिसला तर समजून जा. चिंचवडला स्वतःचा कारखाना असलेल्या एसकेएफने तर खोटा माल ओळखायला ऑथेंटिकेट नावाचं मोबाइल अ‍ॅप काढलंय. डब्याचा फोटो पाठवायचा आणि विचारायचं.

कप बसवायची माझी पद्धत सांगतो. नवे कप आदल्या रात्री प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी ड्रम उन्हात ठेवा. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तेवढ्याने तो हात चटकेल इतका तापतो. गॅसची ज्योत लावू नका, ड्रमचा गोलपणा जातो आणि ब्रेक थरथरतो. हबची खुर्ची, म्हणजे कप जिथे टेकतो ती कडा, पुसून घ्या. तिथे केसाएवढी कचरी राहिली तरी कप तिरका बसतो. कपचं मोठं तोंड बाहेर, जिकडून कोन येणार तिकडे. ठोकण्यासाठी जुनाच कप वापरा, पण त्याची बाहेरची बाजू ग्राइंडरवर थोडी घासून, म्हणजे तो हबमध्ये अडकून बसणार नाही. ठोकताना कान द्या. कप सरकत असतो तोवर आवाज 'ठब् ठब्' असा बोदा येतो. खुर्चीवर टेकला की एकदम 'टण्' होतो. तो सूर आला की थांबा. फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचं) ०.०५ मिलिमीटरचं पान मागून घालून बघा. कुठेही शिरता कामा नये.

ग्रीसचा विषय. दुकानात 'ग्रीस द्या' म्हटलं की बहुधा चॅसीचं स्वस्त पिवळं ग्रीस मिळतं. कॅल्शियमच्या साबणाचं साधं ग्रीस शंभर अंशांच्या आसपास पातळ होऊन वाहायला लागतं. लिथियमचं १८० च्या पुढे टिकतं, लिथियम कॉम्प्लेक्स २५० च्याही पुढे. ड्रम ब्रेकची गाडी वरंधा किंवा ताम्हिणी उतरताना हब किती तापतो ते एकदा हात लावून बघा, म्हणजे हा फरक कशाला ते कळेल. वितळलेलं ग्रीस सील ओलांडून शूवर गेलं की घाटातच ब्रेक जातो. तेव्हा डब्यावर व्हील बेअरिंगसाठी, लिथियम कॉम्प्लेक्स, ग्रेड २ असं लिहिलेलंच घ्या. जुन्याचा अंशही ठेवू नका, दोन जातींची ग्रीस एकत्र आली की कधी कधी ताकासारखी पातळ होतात.

भरायची रीत हातानेच. डाव्या तळव्यावर लिंबाएवढा गोळा घ्या, उजव्या हाताने कोनची रुंद बाजू त्याच्या कडेवर दाबत ओढा, ग्रीस रोलरच्या मधून वरच्या बाजूला किड्यांसारखं बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढचा भाग. पूर्ण फेरा झाला की पुन्हा एकदा. वरवर चोपडलेलं ग्रीस फिरायला लागलं की बाजूला फेकलं जातं, आत रोलर कोरडे राहतात. हबच्या पोकळीत तिसरा हिस्सा भरा. टोपीत अजिबात नको. विशेषतः डाव्या टोपीत, कारण तिला भोक आहे आणि जास्तीचं ग्रीस तिथूनच बाहेर येऊन रिमवर उडतं. आतलं बेअरिंग ठेवून नवं सील सपाट लाकडाने ठोकून बसवा, सीलच्या ओठाला ग्रीसचं बोट फिरवा.

आता ती पाच मिनिटं. ड्रम चढवा, बाहेरचं बेअरिंग, दात खाचेत घालून वॉशर, मग नट. डावीकडे उलट दिशेने, विसरू नका. एका हाताने ड्रम सतत फिरवत ठेवा आणि दुसऱ्या हाताने लहान पान्याने नट आवळत जा, ड्रम जड वाटेपर्यंत. पंधरा-वीस फेरे असेच. यामुळे रोलर आपापल्या जागी बसतात आणि जादा ग्रीस बाजूला होतं. हे न करता नट लावलात तर दोन दिवसांत प्ले वाढतो, मग मिस्त्री म्हणतो 'सुटला' आणि पुन्हा आवळतो.

मग नट मागे घ्या. किती? या गाडीला आतबाहेर प्ले ०.०३ ते ०.१२ मिलिमीटर हवा. माणसाचा केस याच मापात येतो. आट्यांची पिच दीड मिलिमीटर धरली तर नटाच्या एका पूर्ण फेऱ्याला दीड मिलिमीटर. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. प्ले नुकता शून्य झाला त्या जागेपासून मिनिटकाट्याच्या एका खुणेहून थोडा जास्त मागे घेतला की ०.०३, आणि पाच खुणा व्हायच्या आत ०.१२ संपलं. सगळा खेळ या तीन-चार खुणांचा आहे. इथे पाइप लावलेला पाना काय कामाचा, तुम्हीच सांगा.

डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं तबकडीचं यंत्र) असेल तर त्याचं चुंबक ड्रमवर बसवा, सुई स्पिंडलच्या टोकावर टेकवा आणि ड्रम न फिरवता आतबाहेर ओढा. नसेल तर उस्तादाची रीत: स्क्रूड्रायव्हरचं टोक वॉशरच्या कडेला लावून बोटाच्या जोराने ढकलायचं. वॉशर सरकला पाहिजे. कशावर तरी टेकवून तरफेसारखा रेटावा लागला तर घट्ट आहे. आपोआप डुलत असेल तर ढिला आहे. पंचवीसेक वेळा दोन्ही रीती एकाच चाकावर ताडून बघितल्यावर मी डायल गेज फक्त शंका आली की काढतो. मधल्यापेक्षा किंचित खालच्या बाजूला ठेवणं मला आवडतं, पण शून्याकडे कधीच नाही.

यात एक खोच आहे. अ‍ॅलन बोल्ट आवळला की नट आट्यांवर दाबला जातो आणि किंचित सरकतो, प्ले बदलतो. म्हणून माप बोल्ट आवळल्यानंतरचं. बदललं असेल तर बोल्ट सोडा, नट जराशी दुरुस्ती देऊन लावा, पुन्हा आवळा, पुन्हा बघा. दोन-तीन वेळा होतंच. कंटाळून सोडून देण्याची हीच जागा आहे, आणि बहुतेक जण इथेच सोडतात.

उजव्या चाकाचं बेअरिंग बदलायची गरज नाही. "जोडीने बदला" हा सल्ला मला पटत नाही, चांगलं बेअरिंग काढून नवं घालण्यात धोकाच जास्त. ते उघडून धुवा, वाचा, नवं ग्रीस आणि नवं सील घाला, प्ले लावा. मात्र डाव्या चाकाची आतली-बाहेरची दोन्ही बदला, एकाने सोडलेली लोखंडाची पूड दुसऱ्याने खाल्लेली असते.

ब्रेकचे तारे पुन्हा लावून घ्या, नाहीतर पहिल्या दाबात पेडल जमिनीला टेकेल. मग आठ-दहा किलोमीटर शांतपणे चालवा, शक्यतो कमी ब्रेक वापरून, आणि उतरून दोन्ही पुढच्या हबना हात लावा. कोमट आणि सारखे असतील तर उत्तम. डाव्या हबवर हात ठेववत नसेल तर चाक पुन्हा उचला. चाक जड फिरत असेल पण वॉशर सरकत असेल तर ब्रेक धरतोय, वॉशरही सरकत नसेल तर नट. तीन-चारशे किलोमीटरनंतर प्ले एकदा पुन्हा बघा. थोडा वाढलेला मिळेल, तो लावून घ्या, मग वर्षभर बघू नका.

राहिला स्पीडोमीटर. टोपी हातात घेऊन चौकोनी भोक उजेडात बघा. कडा शाबूत असतील तर टोपी ठोका, केबलचं टोक भोकातून बाहेर आलंय ना बघा आणि पिन लावा. ती नवीच घ्या, दोन-चार रुपयांची वस्तू आहे. भोक गोल झालेलं असेल तर दुसरी टोपी, पक्कडीने चेपून चौकोन परत येत नाही. मिस्त्रीने डाव्या-उजव्या टोप्यांची अदलाबदल केली असेल तर चौकोनी भोकाची टोपी तुम्हाला उजव्या चाकावर सापडेल. त्या भोकातून सहा महिने उजव्या बेअरिंगमध्ये धूळ जात असेल, तेव्हा ते उघडायचं काम आधी धरा.